हरलेल्या बाजूचा वकील : ल्यूथर मार्टिन

#थ्रेड

१/
१७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. त्यांतल्या कित्येकांचे पुढे पुतळे उभे राहिले, काहींचे चेहरे चलनी नोटांवर आले. मेरीलँड राज्याचा एक प्रतिनिधी मात्र सही करायला थांबलाच नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तो परिषद सोडून निघून गेला होता आणि या घटनेविरुद्ध रान उठवण्याच्या तयारीला लागला होता. त्याचे नाव ल्यूथर मार्टिन.

२/
इतिहासाच्या पुस्तकांत मार्टिन आलाच, तर दोन विशेषणे घेऊन येतो : कंटाळवाणा वक्ता आणि अट्टल मद्यपी. दोन्हींत तथ्य आहे. पण तेवढ्यावर त्याला निकालात काढले, तर एक महत्त्वाची गोष्ट हातून निसटते. घटना परिषदेत त्याने दोन मोठे विजय मिळवले. त्यांतला एक आज अन्यायकारक वाटतो आणि दुसरा त्याच्यावरच उलटला. ज्या मुद्द्यांवर तो हरला, त्यांतले बरेचसे मात्र आज पटतात. हा थ्रेड त्या उलट्या हिशेबाविषयी आहे.

३/
मार्टिनचा जन्म १७४८ च्या सुमारास न्यू जर्सीतील एका शेतकरी कुटुंबात झाला. आज प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेज ऑफ न्यू जर्सीतून तो १७६६ मध्ये पदवीधर झाला. पुढे मेरीलँडमध्ये त्याने काही वर्षे शाळामास्तरकी केली आणि त्यासोबत कायद्याचा अभ्यास केला. त्या काळी वकील होण्यासाठी कायद्याच्या पदवीची अट नव्हती. कुणा जाणत्या वकिलाकडे उमेदवारी करून किंवा स्वतः ग्रंथ वाचून परीक्षकांसमोर उभे राहायचे, अशी रीत होती. १७७१ मध्ये व्हर्जिनियात मार्टिनला सनद मिळाली.

४/
स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना, १७७८ मध्ये, सॅम्युएल चेस या वजनदार पुढाऱ्याच्या शिफारशीने तो मेरीलँडचा ॲटर्नी जनरल झाला. हे पद आपल्याकडील राज्याच्या महाधिवक्त्याच्या जवळपासचे. मात्र फौजदारी खटले चालवण्याचे कामही त्यात येई. ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवणाऱ्यांवर खटले भरणे हे त्याचे पहिले मोठे काम. हे पद त्याने सलग जवळजवळ २८ वर्षे सांभाळले. चेसचे नाव ध्यानात ठेवावे. त्याचे उपकार मार्टिनने पुढे वेगळ्याच रणांगणावर फेडले.

५/
स्वातंत्र्यानंतर अमेरिकेची १३ राज्ये एका सैलसर करारनाम्याने बांधलेली होती. १७८१ मध्ये अमलात आलेल्या या करारनाम्यात प्रत्येक राज्याला एकच मत होते. केंद्रीय काँग्रेसला जनतेवर थेट कर बसवता येत नसे; राज्यांकडे पैसे मागायचे आणि ती देतील तेवढ्यावर भागवायचे. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते. ही घडी दुरुस्त करण्यासाठी १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात परिषद भरली. ऱ्होड आयलंड वगळता १२ राज्यांचे ५५ प्रतिनिधी तेथे वेगवेगळ्या वेळी हजर राहिले.

६/
मार्टिन ९ जूनला पोहोचला. तोवर जेम्स मॅडिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांची 'व्हर्जिनिया योजना' चर्चेत होती. जुना करारनामा बाजूला ठेवून बलाढ्य केंद्र सरकार उभारावे, कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या वा संपत्तीच्या प्रमाणात जागा द्याव्यात आणि राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राला असावा, असा तिचा रोख होता. करारनाम्याची डागडुजी करायला पाठवलेले लोक नवेच घर बांधत आहेत, हे पाहून मार्टिन हादरला. शिवाय हे सारे बंद दाराआड चालले होते. बाहेर एक शब्दही फुटू न देण्याचा नियम होता.

७/
२७ जूनला मार्टिन बोलायला उभा राहिला आणि तीन तासांहून अधिक वेळ बोलत राहिला. थकल्यामुळे उरलेले भाषण त्याने दुसऱ्या दिवशी पूर्ण केले. टिपणे घेणाऱ्यांनी हात टेकले. मुद्दा तसा सोपा होता : निसर्गावस्थेत जशी सारी माणसे समान, तशी स्वतंत्र झालेली सारी राज्ये समान. ती समान म्हणून एकत्र आली. मग मोठ्या राज्याला जास्त मते आणि लहान राज्याला कमी, हा न्याय कुठला?

८/
भाषणाने कुणाचे मन वळले असेल असे वाटत नाही. पण मतदानात मार्टिनची वेळ आली. २ जुलैला वरिष्ठ सभागृहात राज्यांना समान मते द्यावीत का, यावर मतदान झाले. परिषदेत मत राज्याचे मोजले जाई. मेरीलँडचा दुसरा प्रतिनिधी जेनिफर याचा कल बहुधा विरुद्ध बाजूला असे आणि दोघांच्या मतभेदात राज्याचे मत वाया जाई. त्या दिवशी जेनिफर वेळेवर हजर नव्हता. मार्टिनने एकट्याने मेरीलँडचे मत समानतेच्या बाजूने टाकले.

९/
निकाल लागला ५ विरुद्ध ५. जॉर्जियाचे मत दुभंगलेले. परिषद जागच्या जागी अडली. मार्ग काढण्यासाठी प्रत्येक राज्याचा एकेक सदस्य घेऊन समिती नेमली गेली. तीत मेरीलँडतर्फे मार्टिनच होता. अखेर १६ जुलैला ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने तडजोड मंजूर झाली. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान स्थान. हा मार्टिनचा पहिला विजय. तो त्याच्या एकट्याचा नव्हता, पण २ जुलैचे ते मत नसते तर चित्र वेगळे दिसले असते.

१०/
आता या विजयाचा हिशेब. १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४७ हजार होती आणि डेलावेअरची सुमारे ५९ हजार. म्हणजे जवळपास साडेबारा पट. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांच्या घरात आणि वायोमिंगची ५ लाख ७७ हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण ६८ पट. सिनेटमध्ये दोघांना प्रत्येकी दोनच जागा. वायोमिंगच्या एका मतदाराचे सिनेटमधील वजन कॅलिफोर्नियाच्या मतदाराच्या कितीतरी पट भरते.

११/
राज्य ही माणसांनी आपल्या सोयीसाठी उभारलेली व्यवस्था. तिला माणसासारखे जन्मसिद्ध हक्क असतात, असे मानले की खरी माणसे हिशेबातून गळतात. मार्टिनच्या युक्तिवादातला हा मूळ दोष आहे. लहान राज्यांना चिरडले जाण्याची भीती वाटणे स्वाभाविक होते. पण त्या भीतीवरचा उपाय २०० वर्षांहून अधिक काळ टिकला आणि त्यातून नवी विषमता तयार झाली. घटनेच्या पाचव्या कलमाने तर कुठल्याही राज्याचा सिनेटमधील समान वाटा त्याच्या संमतीशिवाय काढून घेण्यास मनाई केली. ही गाठ सुटणे जवळपास अशक्य.

१२/
भारताच्या घटनाकारांसमोर हे उदाहरण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकन संघराज्याशी त्याची सविस्तर तुलना केली. भारताने राज्यांच्या समान जागांचे तत्त्व स्वीकारले नाही. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आहेत आणि गोव्याला १. मार्टिनच्या तत्त्वाने दोघांना सारख्याच जागा मिळाल्या असत्या. गोव्याला ते आवडले असते. महाराष्ट्राला पटले असते का, हा प्रश्न वादाची दुसरी बाजू समजायला पुरेसा आहे.

१३/
मार्टिनचा दुसरा विजय लगेच दुसऱ्या दिवशीचा. १७ जुलैला, राज्यांचे कायदे रद्द करण्याचा केंद्राचा अधिकार परिषदेने फेटाळला. पण मग राज्याने केंद्राच्या कायद्याविरुद्ध कायदा केला तर काय? ही पोकळी भरण्यासाठी मार्टिनने स्वतःच एक ठराव मांडला : केंद्राचे कायदे आणि तह हे राज्यांत सर्वोच्च कायदा मानले जातील आणि राज्यांचे न्यायाधीश त्यांना बांधील राहतील. ठराव एकमताने संमत झाला. आज अमेरिकन घटनेच्या सहाव्या कलमात असलेल्या 'सर्वोच्चतेच्या कलमा'चे बीज ते हेच.

१४/
केंद्राच्या कट्टर विरोधकाने केंद्राला सर्वोच्च ठरवणारा ठराव मांडावा, हे कोडे वाटते. पण त्यामागे वकिली हिशेब होता. मार्टिनच्या कल्पनेत केंद्राची कनिष्ठ न्यायालये नसणार होती. केंद्राचा कायदा लागू होतो की नाही, हे आधी राज्यांचे न्यायाधीश ठरवणार. शिवाय त्याच्या शब्दरचनेत केंद्राचा कायदा राज्यांच्या साध्या कायद्यांहून वरचढ होता. राज्यांच्या घटनांचा उल्लेख नव्हता. म्हणजे राज्याची घटना आणि तीतील नागरिकांचे हक्क शाबूत राहणार होते. मोठा अधिकार टाळण्यासाठी त्याने लहान अधिकार पुढे केला होता.

१५/
पण ठराव एकदा मंजूर झाला की तो मांडणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. ऑगस्टमध्ये त्यात राज्यांच्या घटनांचाही समावेश झाला. केंद्राचा कायदा आता त्यांच्याही वर गेला. काँग्रेसला हवी तेवढी कनिष्ठ न्यायालये स्थापण्याची मुभा मिळाली. कुंपण म्हणून रोवलेल्या खांबावर शेजाऱ्याने माडी चढवावी, तसे झाले. मार्टिनने पुढे जाहीरपणे सांगितले की अंतिम रूपातले हे कलम त्याला मान्य नाही. ते सांगून उपयोग नव्हता.

१६/
आता त्याचे पराभव पाहावेत. २१ ऑगस्टला मार्टिनने गुलामांच्या आयातीवर बंदी घालण्याची वा कर बसवण्याची मुभा मागितली. त्याची कारणे तीन होती. जागावाटपात पाच गुलाम तीन माणसांइतके मोजले जाणार असल्याने आयातीला उत्तेजन मिळेल. गुलामांच्या उठावाची जोखीम दक्षिणेकडील राज्ये पत्करतील आणि तो मोडण्याचा भार इतरांवर पडेल. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे : असा व्यापार घटनेत राखून ठेवणे क्रांतीच्या तत्त्वांशी विसंगत आणि अमेरिकनांच्या लौकिकाला कलंक लावणारे आहे.

१७/
साउथ कॅरोलायनाच्या जॉन रटलेजने उत्तर दिले की धर्म आणि माणुसकी यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. राष्ट्रे केवळ हितसंबंधांवर चालतात. परिषदेने रटलेजचे ऐकले. १८०८ पूर्वी काँग्रेसला ही आयात बंद करता येणार नाही, असे कलम झाले. आणखी २० वर्षे जहाजे माणसे भरून येत राहिली. घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही आला नाही. ज्या शब्दाची लाज वाटते ती गोष्ट मात्र चालते, अशी ही वृत्ती असल्याचे मार्टिनने नंतर लिहिले. त्या परिषदेवरची ही सर्वांत बोचरी आणि खरी टीका म्हणावी लागेल.

१८/
मात्र इथे मार्टिनचा पुतळा उभारण्याची घाई करू नये. त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होते. व्यापाराला विरोध करणारा हा माणूस गुलामांच्या श्रमावर घर चालवत होता. त्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे त्याच्याही विचारात आणि आचारात ही दरी होती. त्याने केलेली टीका त्यामुळे खोटी ठरत नाही. पण ती करणाऱ्याचे हात स्वच्छ नव्हते, हेही तितकेच खरे. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही नोंदी एकाच पानावर ठेवता आल्या पाहिजेत.

१९/
परिषद सोडल्यावर मार्टिनने गुप्ततेचे बंधन झुगारले. २९ नोव्हेंबर १७८७ रोजी मेरीलँडच्या कायदेमंडळासमोर त्याने आत काय घडले ते सांगितले. पुढे त्याचे विस्तारित रूप बाल्टिमोरच्या वृत्तपत्रात १२ हप्त्यांत छापून आले. 'जेन्युइन इन्फर्मेशन', म्हणजे 'अस्सल माहिती', या नावाने ते ओळखले जाते. जनतेच्या नावाने घटना होत असेल तर ती कशी घडली हे जनतेला कळले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती.

२०/
त्यातल्या आक्षेपांची यादी आज वाचताना आश्चर्य वाटते. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही. दिवाणी दाव्यांत ज्युरीची हमी नाही. शांततेच्या काळातल्या कायम फौजेवर पुरेसा अंकुश नाही. राष्ट्राध्यक्षाला माफीचा अमर्याद अधिकार आहे. त्याने स्वतःच राष्ट्रद्रोहाचा कट रचला, तर तो आपल्या साथीदारांना माफी देऊन वाचवू शकेल. हा शेवटचा आक्षेप २३० हून अधिक वर्षे जुना आहे, पण राष्ट्राध्यक्षांच्या माफीनाम्यांवर आजही अमेरिकेत जे वाद रंगतात, त्यांत तो चपखल बसतो.

२१/
एप्रिल १७८८ मध्ये मेरीलँडच्या परिषदेने घटना ६३ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केली. मार्टिन त्या ११ जणांत होता. समकालीनांच्या नोंदीनुसार ऐन वेळी त्याचा घसा बसला होता आणि विरोधकांना हायसे वाटले होते. पण घटनाविरोधकांनी राज्याराज्यांत उठवलेल्या या प्रश्नांचा दबाव वाया गेला नाही. १५ डिसेंबर १७९१ रोजी पहिल्या दहा दुरुस्त्या अमलात आल्या. हक्कांची सनद घटनेत आली. दिवाणी दाव्यांतील ज्युरीची हमी सातव्या दुरुस्तीने मिळाली. श्रेय मॅडिसनला मिळाले. तो खटला आधी लढून हरलेल्यांत मार्टिन होता.

२२/
मग त्याची प्रतिमा कंटाळवाण्या बडबड्याची कशी झाली? इथे साधनांचा प्रश्न येतो. त्याच्या लांबलचक भाषणाची टर उडवणारा ऑलिव्हर एल्सवर्थ घटनेचा प्रचारक होता. परिषदेची सर्वांत तपशीलवार टिपणे मॅडिसनची. ती प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याने लिहिली आणि १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. मार्टिन लांबण लावत असे, हे जॉर्जियाच्या विल्यम पिअर्सनेही नोंदवले आहे, त्यामुळे ती निव्वळ बदनामी नव्हे. पण वक्ता कंटाळवाणा होता, यावरून त्याचे म्हणणे चूक होते असे ठरत नाही.

२३/
१७९० च्या दशकात मार्टिनने सर्वांना चकित केले. घटनेचा हा विरोधक, घटनेच्या कैवाऱ्यांच्या फेडरलिस्ट पक्षात जाऊन मिळाला. त्यामागे तत्त्वापेक्षा वैर अधिक होते. थॉमस जेफरसनने आपल्या एका ग्रंथात, आदिवासी नायक लोगनच्या कुटुंबीयांच्या हत्येचा ठपका मायकल क्रेसॅपवर ठेवला होता. क्रेसॅप हा मार्टिनचा सासरा. मार्टिनने वृत्तपत्रांतून जेफरसनवर पत्रांची सरबत्ती केली आणि जन्मभर त्याचा द्वेष केला. राज्यांच्या हक्कांचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता जेफरसनच होता. तरी मार्टिन त्याच्या विरुद्ध छावणीत गेला. ही त्याच्या चारित्र्यातली ठळक उणीव.

२४/
पण या वैरातूनच त्याच्या हातून दोन मोठी कामे झाली. जेफरसनच्या पक्षाने सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश सॅम्युएल चेस, म्हणजे मार्टिनचा जुना उपकारकर्ता, याच्यावर महाभियोग आणला. १८०५ मध्ये सिनेटपुढे मार्टिनने त्याचा बचाव केला. ३४ पैकी २३ मते हवी होती. कुठल्याही आरोपावर १९ पेक्षा जास्त मते पडली नाहीत. चेस उद्धट आणि पक्षपाती होता, हे खरेच. पण निकाल आवडले नाहीत म्हणून न्यायाधीशाला घालवण्याचा पायंडा त्या दिवशी पडला नाही.

२५/
दोन वर्षांनी दुसरा खटला. माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर याच्यावर राष्ट्रद्रोहाचा आरोप होता. १८०७ मध्ये रिचमंड येथे सरन्यायाधीश जॉन मार्शलपुढे खटला चालला. एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार असल्याशिवाय राष्ट्रद्रोह सिद्ध होत नाही, या घटनेतील अटीवर बचाव उभा राहिला. खुद्द राष्ट्राध्यक्षाने आपल्याकडची कागदपत्रे हजर करावीत, अशी मागणी बचावपक्षाने केली; मार्टिन त्यासाठी त्वेषाने बोलला आणि मार्शलने तसे समन्स काढले. १९७४ मध्ये निक्सनच्या ध्वनिफितींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणाचा आधार घेतला.

२६/
संतापलेल्या जेफरसनने सरकारी वकिलाला पत्र लिहून विचारले, की बरचा साथीदार म्हणून मार्टिनलाच अटक करायची का? १ सप्टेंबरला बर सुटला. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरच्या जमावाने बर आणि मार्शल यांच्यासोबत मार्टिनचाही पुतळा करून फासावर लटकवला. मार्टिन डगमगला नाही. लोकमत विरोधात, राष्ट्राध्यक्ष विरोधात, आणि तरी आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील हा मार्टिनचा सर्वोत्तम अवतार होता. सत्तेला जाब विचारता आला पाहिजे, हे त्याचे म्हणणे राज्यांच्या समानतेच्या भाषणापेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसते.

२७/
१८१८ मध्ये तो पुन्हा मेरीलँडचा ॲटर्नी जनरल झाला आणि आयुष्यातला शेवटचा मोठा खटला समोर आला. मेरीलँडने केंद्राने सनद दिलेल्या बँकेवर कर बसवला होता. बाल्टिमोर शाखेचा रोखपाल मॅक्युलॉक याने तो भरायला नकार दिला. 'मॅक्युलॉक विरुद्ध मेरीलँड' या खटल्याची सुनावणी फेब्रुवारी-मार्च १८१९ मध्ये नऊ दिवस चालली. समोर डॅनियल वेब्स्टर, विल्यम वर्ट आणि विल्यम पिंकनी असे नामांकित वकील होते. म्हाताऱ्या मार्टिनने १७८८ चे दप्तर उघडले : घटना मंजूर करून घेताना तिच्या समर्थकांनी असले अध्याहृत अधिकार नाकारले होते, याचे उतारे त्याने वाचून दाखवले.

२८/
युक्तिवाद नेमका होता. पण ६ मार्चला मार्शलने एकमुखी निकाल दिला : काँग्रेसला बँक काढता येते आणि राज्याला तिच्यावर कर बसवता येत नाही. आधार कशाचा? केंद्राच्या कायद्याच्या सर्वोच्चतेचा. ज्या कलमाचे बीज ३२ वर्षांपूर्वी खुद्द मार्टिनने पेरले होते, त्याचा. निकाल योग्यच होता, कारण प्रत्येक राज्य केंद्राच्या संस्थांवर कर लादू लागले तर संघराज्य टिकणार नाही. मात्र राष्ट्र कायद्याच्या पुस्तकात पक्के होत असताना त्यातला एक धागा हरलेल्या वकिलाचा होता, हे विसरू नये.

२९/
त्याच वर्षी मार्टिनला पक्षाघाताचा झटका आला. मद्य आणि उधळेपणा यांनी पैसा आधीच संपवला होता. १८२२ मध्ये मेरीलँडच्या कायदेमंडळाने एक ठराव केला : राज्यातल्या प्रत्येक वकिलाने मार्टिनच्या चरितार्थासाठी वर्षाला पाच डॉलर द्यावेत. वर्षभरात तो रद्द झाला. अखेर ज्या बरला त्याने वाचवले होते, त्यानेच न्यूयॉर्कमध्ये त्याला आपल्या घरी आसरा दिला. ४ जुलै १८२६ रोजी जेफरसन गेला आणि त्यानंतर आठवड्याभरातच मार्टिनही. सेंट जॉन्स चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर झाली. तिच्यावर नावही नव्हते.

३०/
घटना म्हणजे सही करणाऱ्यांचीच कामगिरी, असा समज सोयीचा आहे, पण अपुरा. सिनेटची रचना, सर्वोच्चतेचे कलम आणि हक्कांच्या सनदेमागचा दबाव, या तिन्हींत सही न करणाऱ्या मार्टिनचा वाटा आहे. त्याच्या विजयांचे अंधानुकरण करू नये आणि दोषांवर पांघरूणही घालू नये. पण १७८७ मध्ये माणसांच्या खरेदी-विक्रीला त्याने कलंक म्हटले, तेव्हा परिषदेतल्या कितीतरी सुज्ञांपेक्षा तो बरोबर होता. ठराव कोणी जिंकला, यासोबत कोणाचा प्रश्न अनुत्तरित राहिला, हेही इतिहास वाचताना तपासावे. अमेरिकेला त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी यादवी युद्धात द्यावे लागले.

(समाप्त)
#इतिहास #राज्यघटना #अमेरिका